आडवे खांब

वेदरबीच्या टाउन हॉलमध्ये शिरताना आधी एक लांबट खोली लागते. या खोलीत सहा दगडी खांब आहेत आणि सहाही आडवे आहेत. दोन्ही भिंतींना लागून तीन-तीन, बाकांसारखे ठेवलेले. वरची बाजू छाटून सपाट केली आहे, पण एका टोकाला कोरलेली पाने अजून दिसतात. फरशीत सहा चौकोनी दगड बसवलेले आहेत. त्या दगडांवर हे खांब एके काळी उभे होते.

नवा माणूस आत आला की आधी खांबांकडे बघतो आणि मग माझ्याकडे. आठवड्यातून दोन दुपारी मी इथे असतो, पाहुण्यांना इमारत दाखवायला. परवा कराडहून मुलाकडे आलेल्या सरोजिनीबाई आल्या होत्या, बरोबर मुलगा आणि सून. दोघेही गेल्या महिन्यातच या गावात राहायला आलेले. सरोजिनीबाईंनी अंगावरचा जाड कोट सावरत सरळ विचारले, "अहो, हे खांब पडलेत की पाडलेत?"

पाडलेत. कोणी पाडले ते गावात सगळ्यांना माहीत आहे. का पाडले, ते मात्र गाव विसरत चालले आहे, आणि अलीकडे तर विसरण्यात त्याची सोय आहे. म्हणून मी सांगत बसतो. मी मूळचा इथला नाही. माझे आयुष्य जवळच्या विद्यापीठात मातीचे गुणधर्म शिकवण्यात गेले, इतिहास हा माझा विषय नव्हे. जिथे कागदाचा आधार सापडला नाही तिथे मी 'म्हणे' म्हणतो, आणि ते मला फार वेळा म्हणावे लागते. या गोष्टीतले बरेचसे मला लेस्याने सांगितले. ती इथल्या ग्रंथालयात कामाला होती आणि तिची आजी हॅन्का त्या दिवशी स्वतः तिथे होती. तरीही माझ्याकडून कुठे मीठमसाला पडत असेल, अशी धाकधूक मला दर वेळी वाटते.

पाहुण्यांना मी दाराजवळच्या पहिल्या खांबावर बसवले. बाकीच्या पाच खांबांवर लोखंडी कमानी ठोकलेल्या आहेत, तिथे नीट बसता येत नाही. त्या कमानींवर येईनच.

हा सगळा मुलूख प्रेअरीचा, गवताच्या माळाचा. नजर पोचेल तिथवर सपाट, आडोशाला झाड नाही, टेकडी नाही. उत्तरेकडून निघालेल्या वाऱ्याला वाटेत अडवणारे काही नाही. ही जमीन मुळात क्री या आदिवासी लोकांची. ती त्यांच्याकडून कशी गेली आणि कोणी कोणाला वाटली, हा वेगळा राग आहे, तो एका दुपारीत मावणार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे रेल्वे आली आणि रुळांच्या कडेने गावे उगवली. प्रत्येक गावाला वाटे की आपणच उद्याचे महानगर. तीन हजार वस्तीची गावे तीन लाखांच्या शहराचे नकाशे छापून घेत. त्या नकाशांत ट्रामचे मार्ग असत, जिथे अजून बैलगाडीची वाटही नव्हती. आणि महानगर व्हायचे तर आधी काय हवे? खांब. लंडनला आहेत म्हणून.

अशा दिवसांत ओस्ताप दोरोश इकडे आला. तो गॅलिशियाच्या डोंगराळ भागातला, आजच्या युक्रेनमधला. लव्हिव्हच्या तंत्रशाळेत वास्तुशास्त्र शिकलेला. बरोबर त्याची बायको पराश्का. आधी त्याने धान्याच्या कोठारांची रेखाटने केली, मग शाळा, मग बँका. रुळांच्या कडेच्या गावागावांत त्याच्या इमारती उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना खांब होते. गिऱ्हाईक मागेल तितके खांब तो देई. मात्र आराखड्यावर सही करायचा परवाना त्याच्याकडे नव्हता. परदेशातली पदवी इथे चालत नसे. सही दुसऱ्याची असे, परवाना असलेल्या कोणा स्थानिक माणसाची, ज्याने कागद उलगडूनही पाहिलेला नसे. या टाउन हॉलच्या कोनशिलेवरही त्या दुसऱ्याचेच नाव आहे. शिला बाहेर कोपऱ्यात आहे. मी ती कोणाला दाखवत नाही.

गावात दोरोशला कोणी दोरोश म्हणत नसे. 'तो गॅलिशियन' म्हणत. चार भाषा बोलणाऱ्या माणसाशी लोक मोठ्याने आणि सावकाश बोलत. हा अनुभव मला ऐकीव नाही.

वेदरबीचा तेव्हाचा मेयर जॉर्ज प्रिंगल. जमिनींची खरेदी-विक्री करणारा माणूस, बोलायला गोड. शेजारच्या गावाने टाउन हॉलला चार खांब लावले, म्हणून याला सहा हवे होते. आणि ते स्टेशनवर उतरणाऱ्याच्या डोळ्यांत भरले पाहिजेत, म्हणून इमारतीचे तोंड उत्तरेला. वाऱ्याकडे. त्याच सुमारास दूरच्या एका शहरात नाटकगृहाला आग लागून माणसे दाराशी चेंगरून मेली होती, कारण दारे आत उघडणारी होती. तेव्हापासून सार्वजनिक इमारतींची दारे बाहेर उघडली पाहिजेत असा नियम झाला. नियम योग्यच होता. पण दोरोश बर्फाच्या मुलखातला. बाहेर उघडणाऱ्या दारासमोर वारा बर्फ आणून रचतो आणि मग ते दार उघडत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. समोर खांबांची रांग असली की वारा त्यांच्यात घुटमळतो आणि बर्फ नेमका दारापाशी टाकून जातो, हेही.

म्हणून त्याने आराखड्यात मुख्य दाराच्या पुढे एक बंद खोली काढली. मुख्य दार नियमाप्रमाणे बाहेर उघडेल, ते या खोलीत. खोलीचे स्वतःचे दार पूर्वेच्या टोकाला, वाऱ्याला पाठ करून, आणि ते आत उघडणारे. मध्ये एक शेगडी. बाहेरून आलेल्या माणसाने तिथे बर्फ झाडावा, ऊब घ्यावी. हॉल बंद असला तरी ही खोली उघडी राहावी.

इथे सरोजिनीबाई म्हणाल्या, "म्हणजे देवडीच की! आमच्या गावच्या गढीला होती. वाटसरू रात्रीचा टेकायचा तिथं."

मला इतकी वर्षे या खोलीला मराठी शब्द सुचला नव्हता. देवडी. अगदी बरोबर.

प्रिंगलने तो आराखडा कौन्सिलपुढे उलगडला आणि विचारले, म्हणे, "हे पुढे काय आहे? गाईंसाठी?"

"माणसांसाठी," दोरोश म्हणाला.

"माणसं दार उघडून आत येतील, मिस्टर. आमच्याकडे तशी पद्धत आहे."

सगळे हसले. खोली आली की खांब झाकले जाणार, मग खांब कशाला आणायचे? खोलीवर काट मारली गेली. दोरोशने दोनदा सांगून पाहिले, तिसऱ्यांदा तो गप्प बसला. घरी जाऊन त्याने पराश्काला सांगितले तेव्हा ती भांडी घासत होती. ती म्हणाली, "हिवाळा आला की बघतील म्हणावं ते. आणि तूही बघशील." असे हॅन्का सांगे.

इमारत झाली. खांब उभे राहिले. उद्घाटनाला बँड वाजला. दोरोशला पाहुण्यांच्या खुर्च्यांमागे, जिन्याच्या कडेला उभे राहायला जागा दिली होती.

मग जानेवारी आला.

टाउन हॉलच्या एका खोलीत तेव्हा जमीन कचेरी होती. नव्याने आलेल्यांनी तिथे जाऊन आपल्या जमिनीची नोंद करायची. पूर्वेकडच्या वस्तीवर दोरोशच्याच मुलखातली तीन कुटुंबे शरद ऋतूत येऊन राहिली होती. त्यांना इंग्रजी येत नव्हते. पराश्काला कामापुरते येई, म्हणून ती त्यांची दुभाषी. ठरलेल्या दिवशी ती सगळ्यांना घेऊन घसरगाडीने निघाली, मुलेबाळेसुद्धा, कारण वस्तीवरच्या झोपडीत त्यांना कोणाच्या भरवशावर ठेवणार? वाटेत वादळ सुरू झाले. प्रेअरीवरच्या बर्फाच्या वादळात माणसाला स्वतःचा हात दिसत नाही. घोड्यांनी वाट सोडली नाही म्हणून ती माणसे गावात पोचली, आणि टाउन हॉलच्या पायऱ्या चढून खांबांच्या आत दारापाशी आली. आणखी चार पावले चालायची ताकद कोणात नव्हती.

दार बंद होते. वादळ बघून कचेरी लवकर बंद केली होती. आत मात्र माणसे होती. मागच्या बाजूच्या बैठकीच्या खोलीत प्रिंगल, कौन्सिलचे दोघे-तिघे आणि दोरोश. दोरोशला बोलावले होते कारण एका खांबाच्या कोरीव पानाला तडा गेला होता आणि त्याचा जाब विचारायचा होता. दाराजवळ बसला होता ऑल्सप नावाचा कारकून.

पराश्काने दार ठोठावले.

"कोण आहे?" ऑल्सपने आतून विचारले.

एरवी तिने इंग्रजीत उत्तर दिले असते. पण ओठ गोठले होते. त्या वेळी माणूस शिकलेली भाषा बोलत नाही, आईची बोलतो. ती म्हणाली, "ल्यूदी."

ल्यूदी म्हणजे माणसे. एवढाच अर्थ. कोण आहे? माणसे.

ऑल्सपला ते आडनाव वाटले. त्याने आठवून पाहिले आणि आतूनच ओरडून सांगितले, "ल्यूडी? आज ल्यूडी नावाच्या कुणालाही वेळ दिलेली नाही. उद्या या."

या वाक्याचा मला पुरावा सापडलेला नाही. कुठे सापडणार? पण त्या मुलांमध्ये असलेली हॅन्का ते वाक्य मरेपर्यंत इंग्रजीत जसेच्या तसे म्हणून दाखवी. तिला तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता, नुसते आवाज लक्षात राहिले होते. अर्थ नंतर कळला. ऑल्सप ते बोलला तेव्हा बर्फ गुडघ्याइतकाच होता. दोघांनी आतून जोर लावला असता तर दार उघडले असते.

ठोठावणे चालूच राहिले. ऑल्सप कंटाळला. उठून मागच्या खोलीत गेला आणि हसत म्हणाला, "बाहेर कुणी ल्यूडी म्हणून आहे. भलताच चिकट माणूस. जातच नाही."

दोरोशने तो शब्द ऐकला.

त्याची खुर्ची उलटी पडल्याचा आवाज पुढे कितीतरी वर्षे कौन्सिलवाले एकमेकांना सांगत, म्हणे. तो धावत दारापाशी आला आणि त्याने खांदा लावला. दार हलले नाही. वाऱ्याने खांबांच्या मधून बर्फ आणून दारावर रचला होता, छातीएवढा. सगळ्यांनी मिळून जोर लावला तरी बोटभर फट पडली नाही. बाहेरून मात्र आवाज येत होता. आधी मुठीचा, मग तळव्याचा. पराश्का त्याच्या नावाने हाका मारत नव्हती. तो आत आहे हे तिला माहीतच नव्हते.

"खिडकीतून का नाही गेले?" सरोजिनीबाईंच्या मुलाने विचारले. हाच प्रश्न मीही लेस्याला विचारला होता. खिडक्यांना जाड गज होते, आत जमीन कचेरीची तिजोरी होती ना. आणि मागचे दार? कोळसा वाचावा म्हणून ते हिवाळ्यापुरते खिळे ठोकून बंद केले होते. सगळ्याची सोय पाहिली होती. तिजोरीची, कोळशाची, खांबांची.

दोरोशने कोळशाच्या खोलीतून कुदळ आणली आणि दाराशेजारची भिंत फोडायला सुरुवात केली. ती कुठे कच्ची आहे हे त्याच्याइतके कोणाला माहीत असणार? प्रिंगलने त्याचा हात धरला. "हा दगड हजार मैलांवरून आणलाय," तो म्हणाला, असे सांगतात. दोरोशने त्यावर काय म्हटले ते कोणालाच सांगता येत नाही, कारण ऐकणाऱ्यांना ती भाषा येत नव्हती. पण प्रिंगलने हात सोडला.

भोक पडायला वेळ लागला. ते माणूस जाईल इतके झाले तेव्हा बाहेरचा आवाज थांबला होता. पराश्काने मुलांना दाराला चिकटवून मध्ये बसवले होते, आणि मोठी माणसे त्यांच्याभोवती, वाऱ्याकडे पाठ करून. मुले वाचली. हॅन्का आतल्या रांगेत होती, तीही वाचली. बाहेरच्या रांगेतले कोणी वाचले नाही. पराश्का बाहेरच्या रांगेत होती. काही जण म्हणतात, तिला भोकातून आत आणले तेव्हा तिच्यात धुगधुगी होती आणि थोडा वेळ तिला फरशीवर निजवले होते. तिथे टेकवायला एक बाकही नव्हता. इतकी मोठी इमारत, आणि आल्यागेल्याला बसायची जागा नाही. लेस्या म्हणे की ते खरे नाही, पराश्का आधीच गेली होती. कोणाचे खरे धरावे ते मला ठरवता येत नाही.

चौकशी झाली. वादळ ही दैवी आपत्ती आहे असे ठरले. ऑल्सपची पुढे बढती झाली.

त्याच सुमारास जमिनींचे भाव कोसळले. महानगराचे नकाशे चुलीत गेले. कंत्राटदार निघून गेले, कारागीर गेले. टाउन हॉलच्या दर्शनी भिंतीला भोक तसेच राहिले, त्यातून आधी बर्फ आणि मग चिखल आत येऊ लागला. दुसरा वास्तुकार यायला तयार नव्हता. तेव्हा प्रिंगल टोपी हातात घेऊन दोरोशकडे गेला आणि म्हणाला, "भिंतीचं भोक बुजवून द्या. काय घ्याल?"

"खांब," दोरोश म्हणाला.

त्याच्या अटी कौन्सिलने मान्य केल्या. मान्य करण्यावाचून इलाज नव्हता. उन्हाळाभर आसपासच्या वस्त्यांवरचे त्याच्या मुलखातले लोक आणि तो, असे खपत होते. त्यांनी सहाही खांब दोर लावून खाली घेतले. ज्या खोलीवर काट मारली होती तीच खोली बांधली, भिंतीच्या भोकाचा दगड तिच्यातच वापरला. खांब आत आणून आडवे केले आणि वरून छाटले, माणूस उताणा झोपेल इतके रुंद. दार आत उघडणारे लावले, आणि त्याला कुलपाची जागाच ठेवली नाही. कडी नाही, कोयंडा नाही. तुम्ही जाताना हात लावून बघा.

शेवटची अट अशी होती. या गावाचा जो कोणी मेयर होईल त्याने शपथ घेण्याआधी जानेवारीत या दाराबाहेर उभे राहायचे, कोट न घालता. आत गावात सगळ्यांत नवा आलेला माणूस असेल. मेयरने ठोठावायचे. आतून विचारले जाईल, कोण आहे? त्याने बरोबर उत्तर दिले की दार उघडायचे. मग आत येऊन त्याने खांबावर आडवे व्हायचे. नव्या माणसाने त्याच्यावर पांघरूण घालायचे. त्यानंतर उठेल तो मेयर. त्याआधी नाही.

पुढच्या जानेवारीत प्रिंगलच पुन्हा निवडून आला. आत होती हॅन्का; तिच्यानंतर गावात नवे कोणी आलेच नव्हते.

"कोण आहे?"

"मेयर," प्रिंगल म्हणाला. आत काही हालचाल नाही.

"मी जॉर्ज प्रिंगल." तरी नाही.

वारा सुटला होता, म्हणे, आणि बघायला जमलेले लोक पाय आपटत उभे होते, पण एकाही माणसाने त्याला उत्तर सांगितले नाही. बऱ्याच वेळाने दाराबाहेरून बारीक आवाज आला, "ल्यूदी." हॅन्काने दार उघडले.

दोरोश ते बघायला थांबला नव्हता. शरद ऋतूतच तो गाव सोडून गेला. त्यानंतरही त्याने या प्रेअरीवर पुष्कळ बांधले. शाळा, दवाखाने, एक-दोन चर्च. त्या सगळ्यांना पुढे देवडी आहे, आणि त्यात निजता येईल असे बाक आहेत. खांब मात्र त्याने पुन्हा कधी उभा केला नाही, असे सांगतात. मी शक्य तितक्या इमारती जाऊन पाहिल्या. मला एकही खांब सापडला नाही.

प्रिंगलच्या नावाने गावात बाग आहे. दोरोशच्या नावाने काही नाही.

आता या कमानींविषयी. गेल्या काही वर्षांत पिठाची गिरणी बंद पडली, घरांची भाडी वाढली, आणि हिवाळ्यात लोक या खोलीत झोपायला येऊ लागले. खोली त्यासाठीच बांधली होती, म्हणजे ती उपयोगी पडत होती. पण तक्रारी आल्या. वास येतो, पाहुण्यांना बरे दिसत नाही. कुलूप लावायचे तर दाराला जागा नाही. तेव्हा मागच्या शरद ऋतूत कौन्सिलने सहाही खांबांवर हातभर अंतराने लोखंडी कमानी ठोकल्या. दगडाला भोके पाडून. सूचनेत लिहिले होते की वयस्कर नागरिकांना उठताना आधार मिळावा म्हणून.

मी सभेत बोलायला उभा राहिलो. दोन मिनिटे दिली होती. रागावले की माझा आवाज कापतो आणि मुद्दे उलटेपालटे होतात, तसेच झाले. आताचे मेयर, मिस्टर कॉलबी, शांतपणे म्हणाले, "प्रोफेसर, ही तर तुमच्याच वयाच्या लोकांची सोय आहे." लोक हसले. ऐकताना मला ते हसणे फार जुने वाटले.

नोव्हेंबरात कॉलबी पुन्हा निवडून आले. जानेवारीत ते कोट काढून दाराबाहेर उभे राहिले. आत आम्ही पन्नासेक माणसे असू, आणि दारापाशी तिगिस्त. इथिओपियातून आलेली, बेकरीत काम करते, तेव्हा गावात सगळ्यांत नवी. हातात घडी केलेले पांघरूण. ठोठावल्याचा आवाज आला.

"कोण आहे?" तिने विचारले.

"ल्यूदी," कॉलबी म्हणाले. त्यांचे हे दुसऱ्यांदा होते, उत्तर तयार होते.

माझ्या मागून कोणीतरी कुजबुजले, "राहू दे त्याला जरा बाहेर." पुष्कळांना ते पटले, मला तर फारच. तिगिस्तने वळून आमच्याकडे पाहिले. "थंडी आहे," ती म्हणाली, आणि तिने दार उघडले.

कॉलबी हात चोळत, हसत आत आले आणि आडवे व्हायला खांबाकडे वळले.

आणि तिथेच थांबले.

त्यांनी एका खांबाकडे पाहिले, मग दुसऱ्याकडे. सहाही खांबांवर लोखंड. कौन्सिलमधल्या प्रत्येकाने हा विधी कितीदा तरी पाहिला होता, दोघांनी स्वतः केला होता, आणि कमानींच्या बाजूने हात वर करताना मेयरला इथे निजावे लागते हे एकाच्याही डोक्यात आले नव्हते. निजणारे म्हणजे दुसरे कोणीतरी, इतकी त्यांची खात्री होती.

"बसलो तर चालेल ना?" कॉलबींनी विचारले, आणि ते दोन कमानींच्या मध्ये अंग चोरून बसले.

तिगिस्त पांघरूण घेऊन समोर उभी राहिली. "मला सांगितलंय, माणूस आडवा झाला की घालायचं."

"अहो, पण इथे आडवं होता येत नाही."

"हो," ती म्हणाली. "मलाही आलं नाही. पहिल्या आठवड्यात."

खोलीत कोणी हसले नाही. त्या पहिल्या आठवड्यात ती कुठे होती आणि कुठे झोपली, हे कोणी विचारलेही नाही. मीही नाही.

शेवटी अग्निशमन दलातून लोखंड कापायची करवत आली. ठिणग्या उडत होत्या आणि कॉलबी कोट मागवावा की नाही या विचारात कडेला उभे होते. दाराजवळच्या खांबावरच्या कमानी कापून झाल्या. ते निजले. तिगिस्तने पांघरूण घातले, अगदी हनुवटीपर्यंत, नीट, कडा आत खोचून. ते उठले. मेयर झाले. टाळ्या वाजल्या.

"आणि बाकीचे पाच?" तिगिस्तने विचारले.

"समितीपुढे ठेवू," मेयर म्हणाले. करवत परत गेली.

एवढे सांगून मी थांबलो. सरोजिनीबाई बसल्या जागी खांबावरून हात फिरवत होत्या. कापलेल्या लोखंडाचे खुंट त्यांच्या बोटांना लागले. "तरीच हाच एक मोकळा," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "त्यांना लागणारा तेवढाच सोडवला होय? मेल्यांनो!" सून हळूच म्हणाली, "आई, ऐकतील." "ऐकू देत की," सरोजिनीबाई म्हणाल्या, "कळतंय कुणाला?"

मी म्हणालो, कळेल. इथे एकदा एका शब्दाचा अर्थ कळायला फार उशीर झाला, तेव्हापासून हे गाव अनोळखी शब्दाला थोडे घाबरते.

तेवढ्यात पूर्वेचे दार आत उघडले. एक वयस्कर बाई आल्या, पाठीवर पिशवी, टोपीवर बर्फ. त्यांनी उंबऱ्याशी पाय झाडले, शेगडीपाशी क्षणभर हात धरले आणि आमच्याकडे पाहत उभ्या राहिल्या. दुपारी चारनंतर कोणी ना कोणी येते. सहा जणांची जागा आता एकाची आहे, आणि ती ते आपसात वाटून घेतात.

"आपण उठू या," मी म्हणालो.

सरोजिनीबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मग पुन्हा वाकून त्यांनी खांबावर तळवा टेकवला आणि त्या बाईंना हाताने जवळ बोलावत अस्सल कऱ्हाडी मराठीत म्हणाल्या, "या बाई, या. आमच्या बसण्यानं दगड गरम झालाय."

आजही त्या दाराला कुलूप नाही. आजही खांब आडवे आहेत, आणि पाचांवर लोखंड आहे. त्या बाईंना मराठी कळण्याचे काही कारण नव्हते. त्या आल्या, सरोजिनीबाईंचा हात होता नेमक्या त्या जागी पाठ टेकून आडव्या झाल्या, आणि त्यांनी डोळे मिटले.